विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर

सुरुवातीलाच कबूल करून टाकते. माझं शिक्षण पहिल्यापासून कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठी आम्हाला होती, पण मार्कांपुरती. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला. मॅगझिन कमिटीतल्या मैत्रिणीने मला इंग्लिश सेक्शनसाठी लिही म्हणून सांगितलं होतं. तरी मी हट्टाने मराठी विभागात घुसले आहे. का, ते शेवटी सांगते.

हा लेख कार्लो अबार्थ या माणसावर आहे. ज्यांच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर देवाच्या जागी गाड्या असतात, त्यांनी विंचवाचं चित्र असलेली ती ढाल नक्की पाहिली असेल. तो विंचू याचा. बाजारात मिळणारी साधी, छोटी, बिचारी फियाट घ्यायची आणि तिच्यातून रेस जिंकणारी गाडी बाहेर काढायची, हा याचा धंदा. तो जाऊन आता ४५ वर्षांहून जास्त काळ झाला. खरं तर मोठ्या माणसांबद्दल लिहिताना आदराने लिहायची पद्धत आहे. पण आपण सचिनला कुठे अहो-जाहो करतो? म्हणून मीही कार्लोला अरे-तुरेच करणार.

आता तुम्ही म्हणाल, लालबागच्या पोरीचा आणि या युरोपातल्या माणसाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो दोन आकड्यांचा आहे. ६८ आणि ७५.

माझे आजोबा गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर त्यांच्यासाठी गिरणीचा भोंगा परत कधी वाजलाच नाही. मग त्यांनी टॅक्सीचं स्टिअरिंग हातात घेतलं. आधी दुसऱ्याची गाडी, नंतर कर्ज काढून स्वतःची. काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे सगळ्या मुंबईच्या तोंडी फियाट. मी कितवीला आहे ते आजोबांना कधी धड आठवलं नाही, पण फियाटच्या इंजिनाचे आकडे त्यांना झोपेतही पाठ. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, सिलिंडर चार. कॅल्क्युलेटर काढून बघा, १०८९ सीसी येतात.

गेल्या सेमिस्टरला आयसी इंजिन्सच्या व्हायवासाठी जुन्या इंजिनांबद्दल वाचत बसले होते. तिथे एका रेसिंग कारची माहिती समोर आली. साल १९५०. बोअर ६८, स्ट्रोक ७५. मी परत वाचलं. जगातल्या सर्वात मोठ्या ड्रायव्हर्सपैकी एक माणूस आपल्या आयुष्यातली शेवटची रेस ज्या गाडीतून जिंकला, तिच्या इंजिनाचं घराणं आणि आजोबांच्या टॅक्सीच्या इंजिनाचं घराणं एकच! आणि ती गाडी होती कार्लो अबार्थची. मग काय, व्हायवा राहिली बाजूला आणि मी कार्लोच्या मागे लागले. (व्हायवात पुढे काय झालं ते विचारू नका.)

तर कार्लोचं मूळ नाव कार्ल. जन्म १५ नोव्हेंबर १९०८ चा, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातला. तिकडच्या पद्धतीने रास वृश्चिक. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. त्याच्या लहानपणाची एक गोष्ट सांगतात. गल्लीतली मुलं लाकडी चाकांच्या, पायाने ढकलायच्या स्कूटरवरून शर्यत लावायची. मोठी मुलं अर्थातच पुढे निघून जायची. कार्लने काय केलं, तर चामड्याचा पट्टा घेऊन स्कूटरच्या लाकडी चाकांवर गुंडाळला. चाकं रस्त्याला नीट धरायला लागली आणि हा मोठ्यांच्या पुढे गेला. त्याने नवीन स्कूटर मागितली नाही, आहे तीच सुधारली. पुढच्या सगळ्या आयुष्याची पहिली ओळ इथेच लिहिली गेली असं मला वाटतं.

शिकाऊ म्हणून वर्कशॉपमध्ये हात काळे करता करता तो मोटरसायकलच्या रेसमध्ये उतरला. १९२८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पहिली रेस जिंकला. (मी विशीत आहे आणि अजून एम-थ्रीची केटी सोडवतेय. असो.) पण १९३० च्या सुमाराला लिंझ शहरात त्याला मोठा अपघात झाला. दोन चाकांवरची रेस संपली. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. याने मोटरसायकलला साइडकार जोडली, स्वतः डिझाइन केलेली, आणि तीन चाकांवर परत आला.

या साइडकारने त्याने केलेला पराक्रम ऐकाल तर थक्क व्हाल. १९३४ मध्ये त्याने चक्क आगगाडीशी शर्यत लावली. आगगाडी म्हणजे ती प्रसिद्ध ओरिएंट एक्स्प्रेस. व्हिएन्नापासून बेल्जियमच्या समुद्रकाठच्या ओस्टेंडपर्यंत, सुमारे १३०० किलोमीटर. जाताना त्याच्या गाडीत बिघाड झाला आणि ट्रेन पुढे गेली. परतीच्या प्रवासात मात्र हा काही मिनिटं आधी पोचला. त्या काळच्या रस्त्यांवरून, साइडकारने! आपल्याकडे कोणी मुंबई सेंट्रलहून राजधानीशी शर्यत लावून दिल्लीला आधी पोचावं, तसं काहीसं.

१९३० चं दशक संपता संपता युगोस्लाव्हियात परत एक भीषण अपघात झाला. या वेळी कितीतरी दिवस हॉस्पिटलमध्ये काढावे लागले आणि रेसर म्हणून त्याचं करिअर संपलं. त्यात महायुद्ध पेटलं. युद्धाची वर्षं त्याने ल्युब्लियाना शहरात यंत्रांची कामं करत काढली. युद्ध संपल्यावर तो इटलीच्या मेरानो गावी आला, इटालियन नागरिक झाला आणि कार्लचा कार्लो झाला. व्हिएन्ना, ल्युब्लियाना, मेरानो, पुढे बोलोन्या आणि तूरिन. आपण म्हणतो ना, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, अगदी तसं.

तूरिनला पिएरो दुसिओ नावाच्या उद्योगपतीने चिसितालिया नावाची छोटीशी रेसिंग कंपनी काढली होती. तिथे कार्लो कामाला लागला. युद्धात होरपळलेल्या इटलीत नवीन इंजिन बनवायला पैसा कोणाकडे होता? म्हणून चिसितालियाने फियाट ११०० चं साधं घरगुती इंजिन उचललं आणि त्यावर रेसच्या गाड्या उभ्या केल्या. आणि हेच ते ६८ बाय ७५! फियाटमध्ये हे माप १९३७ सालापासून चालत आलेलं. पुढे वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनायला लागली, तिची पुढे पद्मिनी झाली आणि तेच माप आपल्या टॅक्सी स्टँडवर येऊन उभं राहिलं.

पण दुसिओंच्या डोक्यात ग्रांप्री गाडीचं स्वप्न होतं. पोर्श कंपनीकडून त्यांनी एक अफाट महाग गाडी डिझाइन करून घेतली. त्या एका गाडीपायी कंपनी बुडाली. १९४९ मध्ये दुसिओ अर्जेंटिनाकडे वळले आणि कार्लोच्या वाट्याला काही रेसिंग गाड्या आणि सुट्या भागांचा ढीग आला. विचार करा. वय ४०, नोकरी गेलेली, दोन मोठे अपघात झालेले, देश परका. आजोबांची गिरणी सुटली तेव्हा ते ३२ चे होते. त्या वयात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं म्हणजे काय, हे मला घरबसल्या ठाऊक आहे.

३१ मार्च १९४९ ला त्याने बोलोन्यात अबार्थ अँड कंपनी सुरू केली आणि थोड्याच काळात तूरिनला हलवली. चिन्ह कोणतं? अर्थातच स्वतःच्या राशीचा विंचू. घोडे, सिंह, बैल सगळे घेतात. विंचू कोण घेणार? छोटा जीव, पण वाटेला गेलात तर कळेल, असा त्यामागचा अर्थ असावा.

आता ती १९५० ची रेस. इटलीचा ताझिओ नुवोलारी म्हणजे त्या काळातला मोठा देवमाणूस. तेव्हा वय ५७, फुप्फुसं आजारी, गाडीच्या धुराने खोकला थांबत नसे. १० एप्रिल १९५० ला सिसिलीत पालेर्मोजवळच्या माँटे पेलेग्रिनोच्या घाटातल्या रेसमध्ये तो अबार्थ २०४ ए घेऊन उतरला आणि आपल्या क्लासमध्ये पहिला आला. त्यानंतर नुवोलारीने रेस केली नाही. १९५३ मध्ये तो गेला. म्हणजे कार्लोची कंपनी जेमतेम एक वर्षाची असताना तिच्या नावावर हा इतिहास जमा झाला.

तरी रेस जिंकून पोट भरत नाही हे कार्लोला पक्कं ठाऊक होतं. मग पोट कशाने भरलं? सायलेन्सरने! होय, सायलेन्सर. त्याने साध्या गाड्यांना बसतील असे, इंजिनाचा श्वास मोकळा करणारे आणि आवाज भरदार करणारे सायलेन्सर बनवून विकायला काढले. इटलीतल्या तरुणांच्या त्यावर उड्या पडल्या. नवीन गाडी परवडत नाही, पण आहे त्या गाडीला विंचवाचा सायलेन्सर तर परवडतो. सायलेन्सरच्या गल्ल्यावर रेसचा खर्च निघायला लागला. पुढे १९६० च्या दशकात तर त्याने लाकडी खोक्यांत भरलेले किट विकले. पिस्टन, व्हॉल्व्ह, कार्बोरेटर, सायलेन्सर सगळं एकत्र. खोकं घरी न्या, मेकॅनिककडून आपल्या फियाटला बसवून घ्या. आमच्या गिरगावच्या ऑपेरा हाऊसला स्पेअर पार्टच्या दुकानांची रांग आहे, तिथे असं एखादं खोकं मिळालं असतं तर आजोबांनी दोन दिवसांचा धंदा बुडवून ते आणलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

१९५५ मध्ये फियाटने ६०० ही गाडी आणली. सामान्य माणसाची चार सीटची छोटी गाडी, इंजिन मागे, ६३३ सीसी, ताकद जेमतेम २० हॉर्सपॉवरच्या वर. १९५७ मध्ये त्याहून छोटी ५०० आली. ५०० सुरुवातीला खपेना. कार्लोने ती घेतली, ट्यून केली आणि १३ ते २० फेब्रुवारी १९५८ असे पूर्ण सात दिवस मोंझाच्या ट्रॅकवर रात्रंदिवस पळवली. १६८ तासांत १८,१८६ किलोमीटर, सरासरी ताशी १०८ किलोमीटर. म्हणजे मुंबई ते गोवा तिसेक वेळा, फेब्रुवारीच्या थंडीत, ४७९ सीसीच्या इंजिनावर! या रेकॉर्डनंतर फियाटचे साहेब लोक जागे झाले. त्यांनी कार्लोशी करार केला, की फियाट-अबार्थ नावाने गाडी जितक्या रेस जिंकेल, तितक्या विजयांचे पैसे फियाट देणार. आता कार्लोला प्रत्येक रविवारी जिंकणं भागच होतं.

इथे आपण मूळ मुद्द्यावर येतो. टूरिंग कार रेस हा काय प्रकार असतो? तर शोरूममध्ये मिळणाऱ्या, घरची माणसं बसतील अशा गाड्यांची रेस. लोकांना आपल्या दारात उभी असते तीच गाडी ट्रॅकवर पळताना बघायची असते. पण कंपन्या महा हुशार. वरचा पत्रा शोरूमचा आणि आत सगळं रेसचं, अशी एकच गाडी बनवून आणतील. म्हणून मोटर रेसिंगची जागतिक संघटना एफआयए हिने अट घातली, की तुमची गाडी खरोखर विकायला बनवली आहे हे आधी दाखवा. १९६० च्या दशकात टूरिंग गटासाठी हा आकडा होता बारा महिन्यांत १०००. या मान्यतेला होमोलोगेशन म्हणतात. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे चालणार नाही, असा सरळ हिशोब.

या एका अटीमुळे जगात एक नवीन जात जन्माला आली. दिसायला साधी सलून, पण रेसला पात्र ठरावी म्हणून मोजक्या संख्येने बनवलेली आणि आतून तिखट गाडी. एम-थ्री म्हटलं की आपल्याला मॅथ्स आठवतं, पण बीएमडब्ल्यूची पहिली एम-३ सुद्धा १९८६ मध्ये याच कारणासाठी बाजारात आली. तेव्हाच्या नियमात आकडा ५००० चा होता. कार्लो या खेळात कितीतरी आधी उतरला होता.

१९६१ मध्ये त्याने फियाट ६०० डी वरून ८५० टीसी काढली. टीसी म्हणजे तुरिस्मो कॉम्पेटिझिओने, रेसची टूरिंग. त्यानंतर आली १००० टीसी. आता जरा आकडे बघा, कारण खरी मजा तिथे आहे. ६०० डी चं बोअर ६२ आणि स्ट्रोक ६३.५, म्हणजे ७६७ सीसी. ८५० टीसीचं ६२.५ आणि ६९, म्हणजे ८४७ सीसी. १००० टीसीचं ६५ आणि ७४, म्हणजे ९८२ सीसी. बोअर फक्त ३ मिलिमीटर वाढलंय, पण स्ट्रोक तब्बल साडेदहा मिलिमीटर! का? कारण ब्लॉक फियाटचाच होता. दोन सिलिंडरच्या मधली भिंत किती कोरणार? बाजूला जागा नाही, मग उभं वाढायचं. आमच्या चाळीत लोक पोटमाळा काढतात ना, तेच तत्त्व.

पण पोटमाळा फुकट मिळत नाही. स्ट्रोक वाढला की पिस्टनला तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापावं लागतं. ६००० आरपीएमला ७४ मिलिमीटरच्या स्ट्रोकवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १४.८ मीटर होतो. साध्या ६०० डी मध्ये ४८०० आरपीएमला तो १० च्या आसपास असतो. हा ताण सोसायला नवीन मजबूत क्रँकशाफ्ट हवा, चांगलं ऑइलिंग हवं. मग गाडी पळाली तर थांबायला पण हवी, म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. सुमारे ३० हॉर्सपॉवरची गाडी ८५० टीसीमध्ये ५२ वर आणि १००० टीसीमध्ये ६० वर गेली. दशक संपताना रेसच्या १००० ने शंभरी ओलांडली होती.

आणि इंजिन तापायचं त्याचं काय? रेसच्या १००० मध्ये रेडिएटर आणला पुढे, बंपरच्या जागी. मागचं इंजिनाचं झाकण तर बंदच करायचं नाही, दांड्या लावून कायमचं उघडं ठेवायचं. आत गार हवा जाते, शिवाय गाडीवरून येणाऱ्या हवेलाही वाट मिळते. लांबून बघितलं तर वाटतं की हा माणूस घाईघाईत डिकी लावायला विसरला. मला मात्र शेपटी वर करून धावणारा विंचू दिसतो. बिऱ्हाड म्हणजे इंजिन, आणि ते खरोखरच पाठीवर!

या गाड्यांनी युरोपियन टूरिंग कार स्पर्धेतल्या छोट्या इंजिनांच्या गटात मिनीसारख्या गाड्यांशी टक्कर घेतली. १९६६ मध्ये जियानकार्लो बागेत्ती हा गट जिंकला. हा तोच बागेत्ती, जो १९६१ मध्ये फॉर्म्युला वनच्या आपल्या पहिल्याच चॅम्पियनशिप रेसमध्ये पहिला आला होता. १९६७ मध्ये विली काउझेन आणि १९६९ मध्ये मार्सिलिओ पासोत्ती यांनीही अबार्थमधूनच गट मारला. छोटे-मोठे घाट आणि ट्रॅक धरले तर विजयांचा आकडा हजारांत जातो.

मला सगळ्यात जास्त पटलं ते असं. त्या १००० च्या अटीकडे बाकीचे कटकट म्हणून बघत असतील. कार्लोला ती कटकट वाटायचं कारणच नव्हतं. तो आयुष्यभर सामान्य माणसाच्या गाडीवरच काम करत होता. रेसची गाडी आधी आणि लोकांची नंतर, असं त्याचं गणित नव्हतं. लोकांच्या गाडीतच रेसची गाडी लपलेली आहे, फक्त कोणी तिच्याकडे नीट लक्ष दिलेलं नाही, हे त्याला दिसायचं.

माणूस साधुसंत मुळीच नव्हता. हट्टी, तापट आणि रेकॉर्डचा हावरट. २० ऑक्टोबर १९६५ चा किस्सा बघा. छप्पन्न वर्षांचा कार्लो, अंगाने चांगला भरलेला. त्याला मोंझाला स्वतः रेकॉर्ड करायचं होतं, पण एका सीटच्या त्या निमुळत्या गाडीत तो मावेना. मग त्याने सफरचंदांवर राहून ३० किलो वजन कमी केलं, गाडीत बसला आणि पाव मैल आणि ५०० मीटरचे वेगाचे रेकॉर्ड मोडले. गाडी रुंद केली नाही, स्वतः बारीक झाला. याला म्हणतात वेट रिडक्शन!

पण रेसचा खर्च वाढत गेला आणि शेवटी पैशाचं गणित जमेनासं झालं. १९७१ मध्ये त्याने आपली कंपनी फियाटला विकली. ज्या फियाटच्या गाड्यांना त्याने नाव मिळवून दिलं, त्याच फियाटचा एक विभाग म्हणून विंचू उरला. कार्लो पुढे व्हिएन्नाला परत गेला आणि २४ ऑक्टोबर १९७९ ला तिथेच वारला. बिऱ्हाड फिरून जिथून निघालं होतं तिथेच येऊन टेकलं.

त्याची पद्धत मात्र मेली नाही. १९७६ मध्ये रॅलीची मान्यता मिळवायला फियाटने १३१ अबार्थच्या ४०० गाड्या बनवल्या, आणि १९७७, १९७८ आणि १९८० असं तीनदा जगज्जेतेपद घेतलं. आणि महाराष्ट्रातल्या वाचकांनी टाळ्या वाजवाव्यात अशी गोष्ट, २०१५ मध्ये आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंटो बाहेर पडली. १४५ हॉर्सपॉवर. फार वर्षं चालली नाही, २०१९ पर्यंत फियाटने इथली विक्रीच थांबवली. पण विंचू आपल्या मातीवर चालून गेला खरा.

आता राहिलं, मी मराठीत का लिहिलं ते.

मी प्रायमरीत असताना आजोबा मला लालबागहून दादरला शाळेत सोडायचे. इतर मुली चकचकीत गाड्यांतून उतरायच्या आणि मी काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून. ती टॅक्सी माझ्याच घरची आहे, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. पुढे पुढे मी आजोबांना गेटच्या आधीच्या कोपऱ्यावर थांबायला सांगायला लागले. त्यांनी कारण कधी विचारलं नाही. रोज बरोबर त्या कोपऱ्यावर गाडी उभी करायचे आणि मी गेटच्या आत जाईपर्यंत निघायचे नाहीत. मी तिसरीत असताना गाडीला वीस वर्षं भरली आणि नियमाप्रमाणे ती स्क्रॅपला गेली. त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण खोटं कशाला लिहू?

ताडदेवच्या आरटीओत २९ ऑगस्ट २००३ ला नोंदलेली मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आजोबांनी पेपरातलं ते कात्रण कापून देवघराच्या फळीवर ठेवलंय.

माझे आजोबा कार्लो अबार्थ नव्हते. त्यांनी रेस जिंकली नाही की कंपनी काढली नाही. पण स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून कोणत्या सिलिंडरचा टॅपेट बोलतोय ते ते सांगायचे. सीएनजी लावल्यावर गाडीचा पिकअप गेला तेव्हा रविवारी चाळीखाली बसून टायमिंग मागेपुढे करत त्यांनी तो जमेल तेवढा परत आणला. मी वर गॅलरीत होमवर्क करत असायचे. खाली उतरून एकदाही विचारलं नाही, की काय करताय? आज त्याच गोष्टी शिकायला घरचे दर वर्षी फी भरतात.

व्हायवाच्या संध्याकाळी मी त्यांना नुवोलारीची रेस सांगितली. ६८ बाय ७५ म्हटल्यावर ते खाटेवर सरळ उठून बसले. त्या इंजिनातून जवळजवळ दुप्पट ताकद काढली होती हे ऐकल्यावर मला वाटलं, आता अभिमानाने काहीतरी बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, की इतक्या कॉम्प्रेशनला त्या माणसाचं हेड गॅस्केट फुटत कसं नव्हतं? मला उत्तर आलं नाही. एक्स्टर्नलपेक्षा कठीण प्रश्न होता तो.

आजोबांना इंग्लिश येत नाही. मॅगझिन छापून आलं की पहिली कॉपी लालबागला जाणार. ते चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, सावकाश वाचतील. कोपऱ्याचा तो पॅरेग्राफही वाचतील. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यांना कदाचित दिसणार नाहीत. पण बोअर-स्ट्रोकमध्ये एका मिलिमीटरची जरी गडबड असेल तर लगेच पकडतील. म्हणून सगळे आकडे मी दोनदा तपासले आहेत.